तोंड वर्गाकडे

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, पण माझ्याकडून लग्नाच्या, सहलीच्या किंवा समुद्राच्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. त्यातले काहीच मी पाहिलेले नाही. मी आयुष्यभर पाहिल्या त्या जांभया.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू बसवले, माझी काच पुसली आणि मला थर्माकोलच्या खोक्यात निजवले. माझ्याबरोबर तयार झालेली भावंडे कुणाच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला गेली, काही जेजू बेटावर नवरानवरीच्या मागे धावली. मला मात्र छुनछन नावाच्या तळ्याकाठच्या शहरातल्या एका विद्यापीठाने विकत घेतले. खोके उघडले तेव्हा समोर तळ्यावरचे धुके दिसेल असे मला वाटले होते. दिसली एक लहान खोली, एक टीव्ही, दोन खुर्च्या आणि दारात बूट काढून घालायच्या, ओळीने मांडलेल्या सपाता.

ते प्राध्यापकांना शिकवायला शिकवण्याचे केंद्र होते. हे ऐकून मला धक्काच बसला. प्राध्यापकांनाही शिकवावे लागते? मला वाटायचे, ते जन्मतःच खडू घेऊन येत असतील.

त्या खोलीच्या प्रमुख होत्या मेंग इन-सुक. सगळे त्यांना मेंगबाई म्हणत. नव्याने लागलेल्या प्रत्येक प्राध्यापकाने वर्षातून एकदा आपल्या तासाचे चित्रण करून घ्यायचे आणि मग मेंगबाईंसोबत बसून ते पाहायचे, असा विद्यापीठाचा नियम होता. पहिले वर्षभर मी वर्गात मागच्या बाजूला, माझ्या तीन पायांच्या स्टँडवर उभा राहून शिकवणाऱ्यांचे तोंड टिपत होतो. पण त्याचा काही उपयोग होत नसे. प्राध्यापक टीव्हीसमोर बसत आणि ओरडत.

"हा माझा आवाज आहे?"

"अरे देवा, मागून एवढं टक्कल पडलंय? बायको काही बोलली नाही!"

पन्नास मिनिटे ते आपले पोट, टाय आणि केस पाहत. शिकवण्याकडे कुणाचेच लक्ष जात नसे. मग एके दिवशी मेंगबाईंनी मला उचलले, वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात नेले आणि माझे तोंड फिरवून मुलांकडे केले. स्टँडच्या एका पायावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले, 'तोंड वर्गाकडे.'

"अहो बाई, यात मी कुठे आहे?" पुढच्या आठवड्यात एक प्राध्यापक टीव्हीकडे बघत म्हणाले.

"तुम्ही आवाजात आहात की," मेंगबाई म्हणाल्या. "तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते कुणापर्यंत पोचलं तेवढं बघू."

त्या कुणाला रागावत नसत, कुणाला सल्लाही देत नसत. एखाद्या जागी टेप थांबवून एवढेच विचारत, "इथे तुम्हाला काय दिसतं?" आणि मग गप्प बसत. त्यांचे ते गप्प बसणे फार लांब असायचे. मी कितीतरी मोठ्या माणसांना त्या शांततेत खुर्चीवर चुळबुळताना पाहिले आहे. पण बाहेर पडताना बहुतेक जण त्यांना वाकून नमस्कार करून जात. ती माझी चांगली वर्षे होती. मेंगबाई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत आणि मग स्वतःसाठी जवाचा चहा ओतून घेत.

संध्याकाळी सहाला त्यांना न्यायला त्यांचे यजमान येत. प्यो सोक-हुन हे त्याच विद्यापीठात स्थापत्य विभागात शिकवत. पूल आणि इमारती कशाच्या जोरावर उभ्या राहतात हा त्यांचा विषय. माणूस उंच, मोठ्या आवाजाचा आणि वेळेचा पक्का. दारातूनच हाक यायची.

"आटपलं का? मक्कुक्सूच्या गार शेवया खाऊन घरी जाऊ. गर्दी व्हायच्या आत."

"अहो, एक दिवस या कॅमेऱ्याला तुमच्या वर्गात येऊ द्या ना," मेंगबाई म्हणायच्या.

"बायकोसमोर परीक्षा द्यायची? या वयात?"

"परीक्षा कसली. नुसतं बघायचं."

"माझे गुण बघ की. पाचपैकी चार पूर्णांक नऊ! तुझा कॅमेरा लाजेल."

हे गुण मुलांनी दिलेले असत. सत्र संपले की आपल्या परीक्षेचा निकाल संगणकावर पाहण्याआधी मुलांना प्रत्येक शिक्षकाबद्दलचा तक्ता भरावा लागे. तक्ता भरल्याशिवाय निकाल उघडतच नसे. त्यामुळे मुले 'उत्तम' या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरसर खुणा करून मोकळी होत. मी स्वतः केंद्रातल्या संगणकावर मुलांना हे करताना पाहिले आहे. वीस प्रश्न, नऊ सेकंद. मेंगबाईंना हे ठाऊक होते. प्यो सरांनाही ठाऊक असावे. पण चार पूर्णांक नऊ हा आकडा त्यांनी आपल्या खोलीत फ्रेम करून लावला होता.

एका हिवाळ्यातली संध्याकाळ मला नीट आठवते. प्यो सर दारातल्या पायरीवर बसून, आमच्याकडे पाठ करून, बुटाच्या नाड्या बांधत होते.

"बरी आहेस ना? आज आवाज बारीक येतोय," त्यांनी विचारले.

"हो," मेंगबाई म्हणाल्या.

"छान. चल मग."

मेंगबाईंचा एक हात टेबलाच्या कडेला होता. दुसरा हात त्यांनी पोटावर दाबून धरला होता आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझे तोंड त्यांच्याकडेच होते. पण माझा लाल दिवा बंद होता. ते कुठल्याच टेपवर नाही.

मार्च महिन्यात नवे सत्र सुरू झाले आणि एका सोमवारी मेंगबाई आल्याच नाहीत. पुढच्या सोमवारीही नाही. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बान जी-वॉनला फोनवर बोलताना मी ऐकले. "तीन आठवडे? फक्त तीन आठवडे?" ती पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होती. दुखणे पोटाचे होते आणि फार उशिरा कळले होते. महिना संपायच्या आत मेंगबाई गेल्या. एप्रिलमध्ये प्यो सर त्यांच्या वस्तू न्यायला आले. त्यांनी स्वेटर आणि चहाचा मग पिशवीत घातला. सपाता हातात घेतल्या, थोडा वेळ धरल्या आणि परत दारात ओळीत ठेवून दिल्या. मला त्यांनी पाहिलेही नाही.

आता मेंगबाईंचे काम बानकडे आले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत विद्यापीठाचा उत्कृष्ट शिक्षकाचा मान प्यो सरांना जाहीर झाला. चार पूर्णांक नऊ! अशा शिक्षकाचा एक तास चित्रित करायचा आणि नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात तो आदर्श म्हणून दाखवायचा, अशी प्रथा होती. या वेळी प्यो सरांना नाही म्हणता आले नाही. कदाचित म्हणायचेही नव्हते.

बान मला घेऊन त्यांच्या वर्गात गेली. तिने पायावरची पट्टी वाचली आणि मला पुढच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी उभे केले. तोंड वर्गाकडे. माझ्या चौकटीच्या कडेला सरांची पाठ आणि डावा खांदा तेवढा येत होता. तिसऱ्या ओळीत खिडकीजवळ एक मुलगी बसली होती.

"मी तुमच्या कॅमेऱ्यात येते का हो?" तिने बानला विचारले. "मला मागे बसवा. मी या विषयाला तिसऱ्यांदा बसलेय. आदर्श तासात माझं काय काम?"

"बस गं इथेच."

"या वेळी नाही सुटला तर मी हा विभागच सोडणार आहे. मग काय, जागाच जागा." ती हसली. पण वहीवर तिने तीन रंगांची पेने नीट रांगेत लावून ठेवली होती.

तिचे नाव मिन सो-दाम.

तास सुरू झाला. माझा लाल दिवा लागला. मित्रांनो, मी हजारभर तास पाहिले होते. तरी त्या दिवशी जे मी पाहिले त्याने माझी काच तडकते की काय असे मला वाटले. आणि मी बोलू शकत नव्हतो.

बानने ती टेप एकटीने पाहिली. दुसऱ्या दिवशी ती सरांकडे जाऊन आली आणि खोलीत परतल्यावर कपाळाला हात लावून बसली. "म्हटलं, सर, आधी तुम्ही एकटे बघून घ्या," ती शिपायाला सांगत होती. "तर म्हणतात, मी काय बघायचं? मी तिथेच होतो!"

प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्या खोलीत उसन्या खुर्च्या मांडून चौदा नवे प्राध्यापक वह्या घेऊन दाटीने बसले होते. प्यो सर काळ्या सुटात पहिल्या ओळीत बसले. मला टीव्हीला जोडले गेले.

पडद्यावर चाळीस मुले आली. सरांचा खणखणीत आवाज आला, खडूचा टकटक आवाज आला. सातव्या मिनिटाला सरांनी विचारले, "कळलं?" चाळीस तोंडे उघडली. "होऽ सर!" पण एकही मान वर झाली नाही. काही माना तर बाकावरच टेकलेल्या होत्या आणि तिथूनही 'हो' आले. नव्या प्राध्यापकांत कुणीतरी खुदकन हसले. दोन मिनिटांनी पुन्हा, "कळलं?" "होऽ सर!" आता कुणी हसले नाही. आपल्याकडे मोठ्यांनी विचारले की हो म्हणायचे असते. त्या चौदा जणांनीही विद्यार्थी असताना तेच केले होते.

बाराव्या मिनिटाला सो-दामने हात वर केला. पुरता नाही, कानापर्यंत. सरांची पाठ तिच्याकडे होती. ते फळ्यावर लिहीत होते. तिने हात तसाच धरून ठेवला, मग केस मागे सारल्यासारखे करून खाली घेतला. एकोणिसाव्या मिनिटाला पुन्हा. सव्विसाव्याला पुन्हा. चाळिसाव्या मिनिटाला चौथ्यांदा हात वर गेला, बराच वेळ राहिला, खाली आला. मग तिने तिन्ही पेने खोक्यात घातली आणि वही मिटली. पडद्याच्या कडेला सरांचा खांदा हलत होता. त्यांचे लिहिणे चालूच होते.

शेवटी त्यांचा आवाज आला. "काही प्रश्न? नाहीत? छान. म्हणजे सगळ्यांना कळलं."

मागच्या ओळीत एक बाई हळूच म्हणाल्या, "ती मुलगी..."

"बंद करा," प्यो सर म्हणाले. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. "ती कोण आहे?"

"मिन सो-दाम, सर," बान म्हणाली. "तुमच्याकडे तिसऱ्यांदा बसलीय."

"तिसऱ्यांदा? माझ्याकडे?"

"मागच्या वेळी तिनं निकालाबद्दल अर्ज केला होता. तुम्ही त्याच्यावर लिहिलं होतं, प्रयत्न कमी पडतात."

प्यो सर उठले. दारात त्यांनी आपले बूट घातलेच नाहीत. खोलीतल्या सपाता पायात तशाच घेऊन ते बाहेर गेले. गिंकोच्या झाडांखाली पडलेली फळे तुडवत, वास मारणाऱ्या त्या रस्त्यावरून एक प्राध्यापक सुटाबुटाऐवजी सुटासपातांत चालत होता. खिडकीतून मी पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. सपाता धुऊन आणल्या होत्या.

"मला बघायचंय," ते म्हणाले. "आमची ही जशी दाखवायची तसं दाखव."

बानने टेप लावली. बाराव्या मिनिटाला थांबवली. हात कानापाशी थांबला.

"इथे तुम्हाला काय दिसतं, सर?"

आणि ती गप्प बसली. मेंगबाईंकडून ती एवढे मात्र नीट शिकली होती. ती शांतता पुन्हा त्या खोलीत आली.

"हात," बऱ्याच वेळाने सर म्हणाले. "मी तिला रोज विचारायचो, बानबाई. बरी आहेस ना, म्हणून. एक दिवस चुकवला नाही मी."

बानला काही कळेना. "सो-दामला?"

"नाही. हिला. इथेच, दारात बसून. नाड्या बांधताना." त्यांनी दाराकडे पाहिले. "ती हो म्हणायची. मी म्हणायचो छान. वर्षभर, बानबाई. वर्षभर मी वळलो नाही."

बानने रिमोट खाली ठेवला. सर रडले नाहीत. ते फक्त त्या पायरीकडे बघत राहिले, जणू तिथे बसलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत होता. मी टीव्हीला जोडलेला होतो आणि पडद्यावर तो हात अजून तसाच अर्धा वर होता.

निघताना ते म्हणाले, "नव्या लोकांना हीच टेप दाखवत जा. दर वर्षी. आणि गुरुवारी याला पुन्हा माझ्या वर्गात आण."

गुरुवारी मी त्याच कोपऱ्यात उभा होतो. सरांनी फळ्यावर एक तुळई काढली, भिंत काढली, जोर कुठून कुठे लागतो ते दाखवणारे बाण काढले. सवयीने म्हणाले, "कळलं?"

"होऽ सर!"

सरांनी खडू खाली ठेवला. ते वळले आणि चालत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तोंड वर्गाकडे करून. मुले दचकली. बाकावर टेकलेल्या माना वर आल्या.

"आता हो म्हणायचं नाही," सर म्हणाले. "कुठे अडलंय ते सांगायचं. मी थांबतो."

ते थांबले. सगळ्यांना ती वेळ फार लांब वाटली असेल. माझ्या घड्याळात एकवीस सेकंद झाले. मुले एकमेकांकडे चोरून बघत होती. कुणाचे तरी पेन घरंगळून खाली पडले आणि ते उचलायची हिंमत कुणी केली नाही.

मग तिसऱ्या ओळीत हात वर झाला. कानापर्यंत.

"मिन सो-दाम," सर म्हणाले. स्वतःचे नाव त्यांच्या तोंडून ऐकून तिचा हात खालीच आला.

"सर... प्रश्न वेड्यासारखा आहे. आणि पहिल्या धड्यातला आहे."

"विचार."

"भिंतीकडून येणारा तो बाण. तो कुठून येतो? भिंत तर काहीच करत नाही. नुसती उभी असते. मग ती ढकलते कशी?"

सव्वीस वर्षे ते तो बाण काढत होते आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांचे तोंड उघडे पडलेले मी कडेने पाहिले.

"हेच आणखी कुणाला कळलेलं नाही?" त्यांनी विचारले.

एक हात वर आला. मग दुसरा. मग मागच्या बाकावरचा, फौजेतली सक्तीची नोकरी संपवून परत आलेला दांडगा मुलगा म्हणाला, "खरं सांगू का सर, मीसुद्धा तो बाण पाठच केलाय." मी मोजले. सव्वीस हात. चाळिसातले सव्वीस.

"देवा रे," सर पुटपुटले. "मग तुम्ही पुढचं सगळं कशावर रचलंत?"

"पाठांतरावर, सर," कुणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला. मी त्या वर्गात ऐकलेले ते पहिले हसू.

सरांनी सो-दामला पुढे बोलावले. "या भिंतीला दोन्ही तळवे लाव. ढकल. जोरात. आणखी जोरात! काय वाटतंय?"

तिची पावले गुळगुळीत फरशीवर मागे सरकली. ती थबकली आणि वळून पाहू लागली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"भिंत मला ढकलतेय, सर!"

त्या दिवशी तेवढेच शिकवून झाले. ठरलेला धडा राहून गेला.

डिसेंबरमध्ये सो-दामचा विषय सुटला. फार गुण नाहीत, पण सुटला. ती विभागात राहिली. प्यो सरांचे गुण मात्र घसरून तीन पूर्णांक आठ झाले. तक्त्याच्या खाली कुणीतरी लिहिले होते, 'सर प्रश्न विचारून वाट बघत उभे राहतात. भीती वाटते.' हे लिहायला नऊ सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त वेळ लागला असणार. सरांनी चार पूर्णांक नऊची फ्रेम उघडली, आतला कागद काढला आणि तिथे हा शेरा छापून बसवला.

मित्रांनो, त्यानंतर बरीच वर्षे गेली. माझ्या टेपा बाजारात मिळेनाशा झाल्या. वर्गांच्या छताला बोराएवढे नवे कॅमेरे आले. माझी बॅटरी फुगली, लाल दिवा विझला आणि मला कपाटात तुटक्या माइकांच्या शेजारी ठेवण्यात आले. दोन हिवाळे मी तिथे होतो. माझी काच कुणी पुसली नाही. भंगाराच्या यादीत माझे नाव गेले तेव्हा मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही.

नवल वाटले ते नंतर. एका गुरुवारी कपाट उघडले आणि समोर प्यो सर होते, केस पिकलेले, निवृत्तीला एक सत्र राहिलेले.

"सर, तो बंद आहे," बान म्हणाली. "काही दिसत नाही त्यातून."

"माहीत आहे मला."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझी काच पुसली. मला वर्गात नेले आणि पुढच्या कोपऱ्यात उभे केले. पायावरची पट्टी पिवळी पडली होती, पण अक्षर मेंगबाईंचेच होते.

"सर, हे चालू आहे का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने केस सारखे करत विचारले.

"नाही गं."

"मग कशाला ठेवलाय?"

"हा जिकडे बघतो तिकडे मलाही बघावं लागतं," सर म्हणाले. "नाहीतर मी विसरतो."

तेव्हापासून दर गुरुवारी मी तिथे उभा असतो. माझ्यात आता काहीच उमटत नाही. तरी सरांनी प्रश्न विचारला, वळले आणि थांबले की मला वाटते, मी अजून कामावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात, म्हणून मी ते सांगत नाही. माझे मागणे निराळे आहे. कुणाला 'कळलं का?' किंवा 'बरी आहेस ना?' असे विचाराल, तेव्हा हातातला खडू खाली ठेवा. बुटाची नाडी सुटी राहिली तर राहू द्या. 'हो' ऐकू आले की लगेच निघू नका. वळा, आणि थोडे थांबा. एखादा हात कानापर्यंतच वर आलेला असतो.